लाइन क्लिअर मामाजी

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झालेली. मी अंगणात ब्रश तोंडात घेऊन उभा, आणि फाटकाबाहेर मामाजी. गळ्यात मफलर, पायांत नोकरीतले काळे बूट आणि हातात मोबाईल. तोही गार्डाला झेंडी दाखवताना धरतात तसा अंगापासून हातभर लांब.

“गुरुजी, मेसेज भेटला काय?”

तोंडात फेस होता, म्हणून मी नुसती मान डोलावली.

“म्या पाच चाळीसले सोडला. पाच एक्केचाळीसले दोन टिका पडल्या. म्हंजे गाडी तुमच्या फोनात येऊन उभी हाय. अर्धा घंटा झाला जी! गाडी उभी, अन् मास्तर दात घासून रायले!”

मेसेज होता, ‘सुप्रभात गुरुजी. आज थंडी आहे.’ मामाजींच्या आणि माझ्या घरात चार घरांचं अंतर. त्यांना वाजते तीच थंडी मलाही वाजते. पण मुद्दा थंडीचा नव्हताच. निरोप पाठवला आणि पोच आली नाही, हा मुद्दा होता. चूळ भरून, त्यांच्यासमोरच फोन उघडून, ‘हो, आहे’ एवढं मी लिहिलं तेव्हा त्यांच्या खिशात टुण्ण वाजलं. मामाजींनी ते वाचलं, खिशातून एक छोटी वही काढली, वेळ लिहिली आणि समाधानाने पुढच्या घराकडे वळले. त्या सकाळी त्यांनी सात जणांना थंडी कळवली होती.

तिगावात त्यांना लहानथोर सगळे मामाजीच म्हणतात. ‘लाइन क्लिअर’ हे नाव पाठीमागचं. ते त्यांना माहीत आहे आणि त्याचा त्यांना राग नाही. उलट एकदा मला म्हणाले, “लोकाईले मागून शिव्या भेटतात, मले हुद्दा भेटला.”

आमच्या तिगावला स्टेशन आहे, पण ते बहुतेक गाड्यांना माहीत नाही. नागपूर–इटारसी हा दिल्ली–चेन्नईचा हमरस्ता. तामिळनाडू एक्स्प्रेस, जी.टी. एक्स्प्रेस अशा मोठ्या घरच्या गाड्या धूळ उडवत इथून निघून जातात आणि थांबते ती पॅसेंजर. मामाजींनी नागपूर डिव्हिजनच्या असल्याच लहान लहान स्टेशनांवर छत्तीस वर्षं असिस्टंट स्टेशन मास्तरकी केली. साठाव्या वर्षी रिटायर होऊन ते गावात आले, सहा एकरांतला संत्र्याचा बगीचा बघू लागले. वेळ मात्र बगीच्यात जाईना. झाडाला पाणी दिलं की झाड उलट काही कळवत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार.

त्यांचं दुखणं समजायचं तर लाइन क्लिअर म्हणजे काय ते थोडं समजून घ्यावं लागतं. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर, म्हणजे सेक्शनात, एका वेळी एकच गाडी सोडायची. सोडण्याआधी पुढच्या स्टेशनच्या मास्तराला विचारायचं, आणि विचारायचं ते घंटीने. एक ठोका म्हणजे ‘लक्ष द्या’. दोन ठोके म्हणजे ‘लाइन क्लिअर आहे का?’ तीन, ‘गाडी तुमच्याकडे निघाली.’ चार, ‘गाडी पोचली, मधला रूळ मोकळा.’ पाच, ‘आधीचं रद्द.’ सहा, ‘धोका!’ आणि या सगळ्यांच्या वरचा नियम असा की, जेवढे ठोके आले तेवढेच पलीकडच्याने परत द्यायचे. दोन आले, दोन परत. चार आले, चार परत. परत आले नाहीत तर निरोप दिलाच नाही असं धरायचं. महत्त्वाचं बोलणं फोनवर झालं, तर त्यावर आणखी एक कुलूप असतं, प्रायव्हेट नंबरचं. मास्तराजवळ दोन आकडी नंबरांची छापील यादी असते. त्यातला पुढचा नंबर सांगायचा, पलीकडच्याने तो लिहून घ्यायचा, आपण तो खोडायचा. मग कोणी म्हणू शकत नाही की मी ऐकलंच नव्हतं.

छत्तीस वर्षं हा माणूस असा जगला. त्याने हाक दिली आणि समोरून ओ आली नाही, असं कधी झालंच नाही. मध्यरात्री, पावसात, थंडीत, दहा किलोमीटरवर कोणीतरी जागं होतं आणि मोजून तेवढेच ठोके परत देत होतं. आपल्यापैकी कुणाला बायकोकडूनही एवढी खात्री मिळत नाही.

मामाजींना मात्र मिळते. मामींनी अर्धा जन्म रेल्वे क्वार्टरांत काढलेला. घरात अजून ठोक्यांचा कारभार चालतो. मामाजी ओसरीवरच्या टेबलावर बोटाने एक ठोका देतात, आतून मामी पळीने पातेल्यावर एक देतात. मग मामाजी दोन देतात, म्हणजे चहाला लाइन क्लिअर आहे का? दूध असलं तर आतून दोन परत येतात. दूध नासलेलं असलं तर काहीच येत नाही आणि मामाजी निमूट पेपर उघडतात. पाहुणा चहा नको म्हणाला तर पाच. आणि फाटकात मामाजींचे साडू दिसले की सहा. साडूंना अजून वाटतं, मामाजींना टेबल वाजवायची सवय आहे.

असा माणूस, आणि त्याच्या हाती धाकट्या पोराने स्मार्टफोन दिला. २०१६ साली जिओचं फुकट नेट आलं त्या दिवाळीत. पोरगा पुण्याला कंपनीत. जाताना व्हॉट्सॲप शिकवून गेला. एक टिक म्हणजे मेसेज निघाला, दोन म्हणजे समोरच्याच्या फोनात पोचला, निळ्या झाल्या म्हणजे वाचला. मामाजींचे डोळे भरून आले म्हणतात. रेल्वे सोडल्यावर जगात प्रथमच त्यांना कोणीतरी पोच देत होतं.

पण निळी टिक झाली आणि पुढे काहीच नाही, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. रेल्वेत ती भानगडच नाही. पलीकडच्याने घंटी ऐकली, ऐकली हे तुम्हाला कळलं, आणि तो तसाच तंबाखू मळत बसला, असं रेल्वेत झालं तर त्याची चौकशी बसते. इथे तर अख्खं जग तंबाखू मळत बसलेलं.

मी विचार करतो, आमच्या आज्यांच्या वेळी लोक काय करत होते? पोस्टाचं जोडकार्ड मिळायचं, एक तुमच्या मजकुराचं आणि एक कोरं, उत्तराचं. तिकिटाचे पैसे आधीच भरलेले. म्हणजे उत्तर न देणाऱ्यांची जात काही नवी नाही, ती तेव्हाही होती. पण पोस्टमन परत येऊन सांगत नव्हता, की तुमचं कार्ड त्यांनी सव्वाअकराला वाचलं, दुमडलं आणि फळीवर ठेवून दिलं. न आलेल्या उत्तराला तेव्हा हजार कारणं होती. नदीला पूर, पोस्टमन आजारी, कार्ड गहाळ. माणूस त्यातलं एक निवडून झोपू शकत होता. १४ जुलै २०१३च्या रात्री सरकारने तार बंद केली, आणि त्यानंतर सोळा महिन्यांत, नोव्हेंबर २०१४ मध्ये, व्हॉट्सॲपने टिका निळ्या करायला सुरुवात केली. त्या दिवसापासून सगळे पूर ओसरले. उरलं एकच कारण, की त्याने वाचलं आणि त्याला उत्तर द्यायचं नाही.

मामाजींनी यावर रजिस्टर काढलं. मी ते पाहिलं आहे. जुन्या हिशेबाच्या वहीत लाल शाईने रकाने आखलेले: मेसेज नंबर, कोणाला, सुटल्याची वेळ, दोन टिका, निळी, उत्तर आणि शेवटचा ‘शेरा’. शेऱ्याच्या रकान्यात मामाजींची भाषा फुलते. ‘जेवत असावा.’ ‘जेवण एवढा वेळ चालत नाही.’ ‘मागच्या महिन्यात आपण त्याच्या पोरीच्या वाढदिवसाला मेसेज टाकला नव्हता, तो डूख.’ ‘ऑनलाइन दिसला ९.१४. ऑनलाइन दिसला ९.२०. मुद्दाम.’ आणि एका ठिकाणी, माझ्या नावापुढे, ‘गुरुजी. स्वभाव.’

२०२३च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून तोडून आमचा पांढुर्णा जिल्हा झाला. मामाजींनी ओळखीच्या सगळ्यांना अभिनंदनाचा मेसेज पाठवला. चौदा जणांचं उत्तर आलं नाही. ते चौदा जण नव्या जिल्ह्याच्या विरोधात आहेत, असं मामाजी बरेच दिवस धरून चालले होते. त्यातले दोघे तर जिल्ह्याच्या मागणीसाठी धरणं धरून बसलेले!

संत्र्याच्या व्यापाऱ्याशी त्यांचं वाजलं ते असंच. आंबिया बहाराचा बगीचा व्यापाऱ्याला द्यायचा होता. मामाजींनी भावाचा लांबलचक मेसेज पाठवला. व्यापाऱ्याकडून आला नुसता अंगठा. व्यापाऱ्याच्या जगात अंगठा म्हणजे सौदा पक्का. मामाजींच्या जगात अंगठा म्हणजे निरक्षर माणूस.

“हे कायचं उत्तर? भाव मंजूर की अंगठा दाखोला? प्रायव्हेट नंबर द्या.”

“कायचा नंबर, मामाजी?”

“कोणताबी दोन आकडी. म्हंजे मी समजतो का तुमी आइकलं.”

व्यापारी बिचारा धंद्याचा माणूस. त्याने ५० नंबर दिला. दुसऱ्या दिवशी तोड्याची तारीख ठरली, त्याने पुन्हा ५० नंबर दिला. मामाजींनी सौदा थांबवला. एकदा वापरलेला नंबर पुन्हा चालत नाही, हा नियम आहे. आता आमच्याकडे मामाजींना उत्तर देताना लोक सवयीने आकडा लावतात. ‘हो मामाजी, येतो संध्याकाळी. ३८.’ ‘बैल विकला नाही. ७१.’ शाळेतला एक पोट्टा पेपरातही उत्तराखाली आकडा लावून आला. मी अर्धा मार्क दिला.

खरी लढाई पुण्याच्या पोराशी. पोरगा चांगला आहे, पण दिवसाला बापाचे नऊ मेसेज येणारा पोरगा किती दिवस चांगला राहील? त्याने एक दिवस निळ्या टिका बंद करून टाकल्या. तशी सोय आहे हे मामाजींना पानटपरीवर कळलं. तसेच माझ्याकडे आले. चेहरा असा की घरात कोणी गेलं.

“गुरुजी, पोट्ट्यानं होम सिग्नलचा दिवा विझोला.”

मी समजूत घालायला गेलो, की कामाच्या ठिकाणी त्रास होत असेल. मामाजी ऐकून घेत होते, पण त्यांचं डोकं वेगळीकडे चाललं होतं. आठ दिवसांनी त्यांनी एक नवा ग्रुप काढला. त्यात सभासद तीन: मामाजी, मामी आणि पोरगा. कारण मामाजींनी शोधून काढलं होतं की निळी टिक बंद ठेवली तरी ग्रुपमध्ये ती लपत नाही. मेसेजवर बोट दाबून धरलं की कोणी वाचला, किती वाजता वाचला, सगळं दिसतं. रेल्वेने एवढा हुशार माणूस छत्तीस वर्षं असिस्टंट का ठेवला, कळत नाही.

पोरगाही त्यांचाच. त्याने मेसेज उघडणंच सोडलं. वरून जी पट्टी सरकते तिच्यातच वाचायचं, आत शिरायचंच नाही. हेही मामाजींनी पकडलं. “गाडी आउटरले उभी करून ठेवून रायला!” म्हणाले, पण आवाजात थोडा अभिमान होता.

एकदा दोन तास पोराचं उत्तर नाही, फोन उचलत नाही. मामाजींनी त्याच्या खोलीतल्या मित्राला विचारलं, उत्तर नाही. मित्राच्या बहिणीला, ती म्हणाली, मी सासरी असते. मग खानावळवाल्या बाईंना. मग सोसायटीच्या वॉचमनला. वॉचमन सागर जिल्ह्यातला निघाला, मध्य प्रदेशचाच. त्याने जिना चढून दार वाजवलं. पोरगा झोपला होता. रविवार होता. वॉचमनशी मात्र मामाजींचं जमलं. तो आजही रोज रात्री नऊला, न विचारता, ‘सब ठीक’ कळवतो आणि खाली दोन आकडे लावतो.

“त्या पोराले झोपू द्या तं जी,” मामी आतून म्हणतात.

“झोपला तं झोपलो म्हणून सांगावं!”

एक गोष्ट मात्र मामाजींना या सगळ्यापेक्षा छळते. फोनवर ‘टाइप करत आहे’ असं उमटतं, नाचतं, आणि विझतं. मेसेज येतच नाही. “गाडी दिसली, सिग्नलवर आली, अन् माघारी गेली! कुठं गेली?” त्या रात्री मामाजी झोपत नाहीत. आणि ‘हा मेसेज डिलीट केला’ असं आलं तर दुसऱ्या रात्रीही नाही. पाच ठोक्यांनी निरोप रद्द होतो हे त्यांना मान्य आहे, पण तिथे रद्द काय झालं हे दोघांनाही माहीत असतं. इथे रद्द झालं एवढंच कळतं. कोणी काय लिहिलं होतं, कोणतं सत्य अर्ध्यात गिळलं? अशा वेळी ते बोलून मेसेज करायला जातात. त्यांच्या फोनला हिंदी कळते, वऱ्हाडी कळत नाही. ‘काहून उत्तर नाही देऊन रायला’ असं ते रागाने बोलले, तेव्हा फोनने लिहिलं, ‘कानून उत्तर नहीं दे रहा’. पलीकडचा माणूस वकील होता. लगेच फोन आला.

गोटमारीची गोष्ट सांगायची राहिलीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि पांढुर्णा व सावरगाव हे दोन काठ एकमेकांवर दगड फेकतात. झेंडा काढून चंडीमातेच्या देवळात नेला की खेळ संपतो. दर वर्षी जखमींचा आकडा शेकड्यांत जातो, काही वेळा जीवही गेले आहेत. कलेक्टर येतात, कलम लागतं, रबरी चेंडू देऊन पाहून झाले, दगड थांबत नाही. त्या दिवशी मामाजींचा भाचा तिकडे गेलेला. मामाजींनी अकराला मेसेज टाकला, ‘सुरक्षित?’ एक टिक. बाराला, ‘डोक्याला फडकं बांध.’ एक टिक. एकला मामाजींनी लुना काढली. शहाण्या माणसाने त्या दिवशी नदीकडे जाऊ नये, पण निरोपाची पोच आणायला शहाणा माणूस कशाला जाईल? पुलाजवळ गर्दीत मान उंच करून भाच्याला शोधताना एक गोटा सुटून आला आणि मामाजींच्या नडगीवर बसला. भाचा लांबच्या एका गच्चीवर बसून भजी खात मजा बघत होता. फोनची बॅटरी उतरलेली. दवाखान्यात पट्टी बांधताना त्याने मामाजींना विचारलं, “आता तं भेटला ना मेसेज?” मामाजींनी वही मागितली.

मी या माणसाला हसतो. गाव हसतं. पण एक सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी नरखेडच्या एका जुन्या मित्राशी माझं बिनसलं. चूक माझीच होती, असं आता वाटतं. मी त्याला लिहिलं, ‘राग आला असेल तर मोकळं सांग.’ निळी टिक झाली. पुढे काही नाही. मी शिकलेला माणूस, मी कोणाच्या फाटकावर गेलो नाही. मी काय केलं? रात्री दोनला उठून बघितलं. फोन उलटा ठेवला. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, मग पाणी प्यायच्या निमित्ताने दुसऱ्या खोलीत गेलो. शेवटचा कधी आला होता ते बघितलं. माझाच मेसेज पंधरा वेळा वाचला आणि ‘मोकळं’ हा शब्द कुठे लागला असेल का, याचा विचार केला. अकरा दिवस. मामाजींच्या रजिस्टरात निदान रकाने होते.

बाराव्या दिवशी मामाजींना चेहऱ्यावरून कळलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मंग जा ना जी. नरखेड काय लंडनले हाय? पांढुर्ण्याच्या पुढे महाराष्ट्र लागला का आलंच.” आणि तेही निघाले सोबत. पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून त्यांनी प्रत्येक स्टेशनच्या मास्तराने झेंडी नीट धरली की नाही हे बघितलं.

मित्र दारातच होता. माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं. म्हणाला, “वाचलं होतं. राग आलाच होता. काय लिहावं तेच सुचेना.” बस, एवढंच. मग भाकर, झुणका, ताक. तो उत्तर लिहू शकत नव्हता आणि मी त्याच्या न लिहिण्यात अकरा दिवस शंभर अर्थ भरत होतो, त्यातला हा एक नव्हता. मामाजी जेवता जेवता त्याला म्हणाले, “सुचत नव्हतं तं दोन आकडे टाकाचे ना भाऊ. याचा जीव तरी खाली पडला असता.” मित्र अजूनही मेसेजला उत्तर देत नाही. फक्त अधूनमधून, माझं काही गेलं की, ‘६४’ असं येतं. नाही तर ‘१९’. मी झोपतो.

आता शेवटचं. मामाजींचे थोरले भाऊ सौंसरला असत. सगळे त्यांना दादा म्हणत. मागच्या पोळ्याच्या आठवड्यात दादा गेले. चौदावं झाल्यावर मामाजींनी घराण्याच्या मोठ्या ग्रुपवर, सगळे आले, निभावून नेलं, असं आभाराचं लिहिलं. तेवीस जण त्या ग्रुपमध्ये. मेसेजवर एकच टिक. तासाभराने एकच. दुसऱ्या दिवशीही एकच. मामाजींनी प्रत्येकाला फोन करून झापलं, “साऱ्याईचं नेट बंद हाय काय?” सगळे म्हणाले, मामाजी, भेटला मेसेज, खाली हात जोडले ना. तरी टिक एकच.

ग्रुपमधल्या शेवटच्या माणसाच्या फोनात मेसेज पोचेपर्यंत दुसरी टिक पडत नाही. मामाजींनी मेसेजवर बोट दाबून यादी काढली. मी शेजारीच होतो. सगळ्यांची नावं होती, वेळा होत्या. पोचायचा एक बाकी. दादांचा फोन वहिनींनी बंद करून कपाटात ठेवला होता.

एक पुतण्या चांगल्या मनाने म्हणाला, “काका, तुमी ॲडमिन हाय. तो नंबर काढून टाका, टिका बराबर पडतील.”

“सेक्शनात गाडी हाय,” मामाजी म्हणाले. “मले नाही काढता येत.”

त्यानंतर त्या ग्रुपवर त्यांनी कोणाला उत्तरावरून विचारलं नाही. रोज सकाळी तिथे मेसेज जायचा, संत्र्याचा भाव, सौंसरजवळच्या जामसावळीच्या झोपलेल्या हनुमानाचा फोटो, थंडी. रोज एक टिक. रजिस्टरात त्या ग्रुपचं पान कोरं राहिलं.

परवा, संक्रांतीच्या आधी, मी ओसरीवर बसलो होतो. मामींनी आत तीळ भाजायला घेतलेले. मामाजींनी फोन माझ्यापुढे केला. ग्रुपवर करड्या अक्षरांत एक ओळ आली होती, की दादा ग्रुप सोडून गेले. मी सांगितलं, चार महिने, एकशे वीस दिवस फोन नेटला लागला नाही की कंपनी खातं आपोआप बंद करते, तसं झालं असेल. ते ‘हो’ म्हणाले, पण त्यांनी ते ऐकलं असं वाटलं नाही. त्यांनी खाली लिहिलं, ‘आज थंडी आहे.’ आणि वाट बघत बसले. पडली एक. मग दोन.

मामाजींनी फोन टेबलावर उलटा ठेवला. चष्मा काढला. मग बोटाने टेबलावर ठोके दिले, सावकाश, मोजून. चार.

आत कढईतल्या तिळांचा आवाज थांबला. बराच वेळ काही आलं नाही. मामाजी आतल्या दाराकडे बघत होते.

मग आतून पळीचे चार ठोके आले.